मुखवटा आधी उलटा करून बघायचा

मुखवटा हातात आला की मी त्याचा चेहरा बघत नाही. आधी तो उलटा करते, आतली बाजू खिडकीकडे धरते आणि कपाळ, नाक, हनुवटी जिथे टेकतात त्या तीन जागा शोधते. नाचणाऱ्या माणसाला घाम येतो. तो वर्षानुवर्षं त्याच जागी मुरतो, तिथलं लाकूड काळपट आणि गुळगुळीत होतं, बाकीचं आतून खरबरीतच राहतं. मग कडेची भोकं. त्यांत दोरी ओवून गवताचा किंवा कापडाचा पोशाख बांधलेला असतो. पोशाखाच्या वजनानं दोरी खाली आणि बाहेर ओढली जाते, म्हणून भोकाची झीजही त्याच बाजूला हवी. चारी अंगांनी सारखं झिजलेलं भोक दिसलं की समजायचं, हे काम कुणीतरी बसून कानशीनं केलं आहे. चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा. चेहऱ्यावर सगळेच मेहनत घेतात, खरं करणाराही आणि खोटं करणाराही.

ब्रसेल्समध्ये आफ्रिकी शिल्पांचं माझं छोटं दुकान आहे, २००३ पासून. त्याआधीची नऊ वर्षं शिकण्यात गेली. अलीकडे कलाशाळेतून बाहेर पडलेली आपली मुलं पत्र लिहून विचारतात की या व्यवसायात कसं शिरायचं. मी कशी शिरले आणि कुठे चुकले, ते एकदा सलग लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

मी सावंतवाडीची. बाबा लाकडी खेळणी आणि फळं करायचे. घरात पांगाऱ्याचे ओंडके वाळत पडलेले, अंगणात भुसा. बाबांचं एक वाक्य होतं, "लाकडाक आधी इचार, मगे हत्यार लाव." रेषा कुठून जातात, गाठ कुठे आहे, ओल किती आहे, हे बोटांनी बघायला त्यांनी मला आणि भावाला सारखंच शिकवलं. पुढे लग्न झालं आणि १९९४ मध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही ब्रसेल्सला आलो. फ्रेंच येत नव्हतं. सकाळी भाषेचा वर्ग आणि दुपारी पायी भटकणं, असे सहा महिने गेले.

साब्लों हा तिथला पुराणवस्तूंच्या दुकानांचा भाग. एका काचेमागे गुडघाभर उंचीची काळी मूर्ती उभी होती. ती कुठली, कुणाची, मला काही कळत नव्हतं. पण पाठीवर सुताराच्या वाकसाचे घाव होते, एकाशेजारी एक, मासळीच्या खवल्यांसारखे. ते मी झोपेतही ओळखले असते. त्या माणसाचा उजवा हात किती सफाईनं चालत होता, हे मला रस्त्यावरून दिसत होतं. त्या दिवशी मी घरी उशिरा गेले.

दुकानात नोकरी मिळणं शक्य नव्हतं. मिळाली ती मागच्या गल्लीतल्या एका कारखान्यात, मूर्तींच्या बैठका करणाऱ्या म्हाताऱ्या फ्लेमिश गृहस्थांकडे. आम्ही त्यांना नुसतं 'मस्यू' म्हणायचो, आणि त्यांनी शेवटपर्यंत मला अहो-जाहोच केलं. बैठकेला तिकडे सोक्ल म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं, पण या व्यवसायाचा अर्धा अभ्यास तिथेच होतो. मूर्तीला भोक पाडायचं नाही, डिंक लावायचा नाही. लोखंडाची किंवा पितळेची बारीक सळई अशी वाकवायची की मूर्ती तिच्यात अलगद बसेल आणि समोरून ती दिसणारही नाही. दोन अंश मागे कलली तर मूर्ती झोपाळू दिसते, एक अंश पुढे आणली की जागी होते. मुखवटा तर नाचणाऱ्याच्या तोंडावर ज्या कोनात असायचा त्याच कोनात उभा करायचा.

मस्यूंच्या टेबलावर एक जुनी बैठक होती, खाली छोटा शिक्का मारलेली. किचिझो इनागाकी नावाच्या जपानी कारागिराची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो पॅरिसला आला, रोदँसारख्या शिल्पकारासाठी आणि पॉल गियोमसारख्या आफ्रिकी शिल्पांच्या पहिल्या व्यापाऱ्यांसाठी त्यानं बैठका केल्या. आज एखाद्या मूर्तीखाली इनागाकीचा शिक्का सापडला की ती मूर्ती त्या काळात पॅरिसमध्ये होती याचा तो मोठा धागा ठरतो, किंमतही चढते. एका आशियाई सुताराचं नाव आफ्रिकी मूर्तींच्या पायाशी असं टिकून राहिलं, याचं मला फार बळ वाटायचं.

बैठका करणाऱ्याकडे सगळ्यांचा माल येतो. चांगला, वाईट, खोटा. आणि तो उलटा-पालटा करून हाताळावाच लागतो. चार वर्षांत काही शे वस्तू माझ्या हातून गेल्या. तळ कसा कुजतो, वाळवी कुठून शिरते, ओल्या लाकडात कोरलेली मूर्ती वाळताना कशी तडकते, हे बोटांत बसलं. आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी मूर्ती एकाच ओंडक्यातून काढतात, जोड नसतो. त्यामुळे तडा जायचाच, आणि जुन्या तड्याच्या आतही राप असतो.

राप हा शब्द मी मुद्दाम वापरते. तिकडे पटिना म्हणतात. पण रापणं म्हणजे काय हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. काँगोमधल्या लुबा लोकांचं राजासन शंभर वर्षं हातांनी झिलई धरतं. गॅबनमधल्या फांग लोकांच्या पूर्वज-मूर्ती तेल आणि राळ पिऊन इतक्या भरलेल्या असतात की अजूनही त्यांच्या अंगातून तेल पाझरतं. मालीतल्या बामाना लोकांच्या 'बोली' नावाच्या पूजेच्या मूर्तीवर बळीचं रक्त, धान्याची पेज आणि माती यांचे थर चढत जातात आणि आतला आकारच दिसेनासा होतो. हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला आपल्या वेशीवरचा शेंदराचा देव आठवला. शेंदराचं कवच गळून पडलं की आत वेगळीच मूर्ती निघते, तसंच. त्या थराला घाण म्हणून धुणारे संग्राहक पूर्वी होते. अशा धुतलेल्या मूर्ती अजून बाजारात येतात आणि बघून जीव तुटतो.

पहिली मोठी चूक १९९७ मधली. ज्यू द बाल चौकात रोज जुना बाजार भरतो. तिथे मला बाउले लोकांची एक स्त्रीमूर्ती दिसली. आयव्हरी कोस्टच्या बाउलेंमध्ये अशी समजूत आहे की प्रत्येक माणसाचा एक जोडीदार ब्लोलोत, म्हणजे पलीकडच्या जगात, असतो. तो रुसला तर इथल्या संसारात विघ्नं येतात. मग त्याची मूर्ती करून घ्यायची, खोलीत ठेवायची, तिच्यासाठी आठवड्यातली एक रात्र राखायची. अशी मूर्ती स्वच्छ, तुकतुकीत असते, केसांची वेणी न् वेणी कोरलेली. चौकातली मूर्ती तशीच होती. मी तीस हजार फ्रँक दिले, आजच्या हिशेबानं साडेसातशे युरोच्या आसपास. दोघांचे साठवलेले पैसे होते ते.

मस्यूंनी ती हातात घेतली, खिडकीशी नेली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग ओला कापूस तळाशी घासला. कापूस तपकिरी-जांभळा झाला. पोटॅशियम परमँगनेट. लाकूड एका रात्रीत जुनं दिसायला लागतं. मग त्यांनी मला मानेमागची जागा दाखवली. तिथे काचकागदाचे समांतर ओरखडे होते. गावातला कारागीर वाकसानं घडवतो, शेवट सुरीनं करतो. झीजही चुकीची होती. नाक, छाती, पोट, पाठ, सगळं सारखं झिजलेलं. खरी मूर्ती जिथे हात लागतो तिथेच झिजते. मी सुताराची मुलगी, आणि मी लाकडाला विचारलंच नव्हतं. मला ती मूर्ती खरी हवी होती म्हणून मी तिचा चेहराच बघत बसले होते. ती अजून माझ्याकडे आहे. दुकानात शिकायला येणाऱ्याला मी पहिल्यांदा तीच हातात देते.

त्यानंतर मस्यूंनी माझे रविवार ठरवून टाकले. ४४ नंबरची ट्राम जंगलातून तेर्फ्यूरेनला जाते. तिथे मध्य आफ्रिकेचं मोठं संग्रहालय आहे, १९१० ची इमारत. त्यांची अट अशी की दर वेळी फक्त एकाच वस्तूसमोर उभं राहायचं आणि घरी येऊन ती आठवून काढायची. दोन वर्षं मी हे केलं. काँगोमधल्या बुली गावच्या कारागिराची लांबट, थकल्या चेहऱ्याची माणसं मी इतक्या वेळा काढली की पुढे त्याच्या नावानं कुणी काहीही आणलं तरी हात आपोआप नकार द्यायचा. युरोपीय संग्रहात बहुतेक ठिकाणी 'अनाम कारागीर' असं लिहिलेलं असतं. ते खरं नाही. कारागिराला नाव होतं, घेणाऱ्यानं विचारलं नव्हतं. नायजेरियातल्या इसे गावच्या ओलोवेचं नाव सगळ्या मुलखाला ठाऊक होतं. त्यानं राजवाड्यासाठी कोरलेलं दार १९२४ मध्ये लंडनच्या वेम्बली प्रदर्शनात गेलं आणि तिथून ब्रिटिश म्युझियममध्ये.

तेर्फ्यूरेनच्या चर्चबाहेर सात थडगी आहेत. १८९७ च्या प्रदर्शनासाठी २६७ काँगोली माणसांना आणून इथल्या बागेत 'गाव' मांडलं होतं, लोकांनी बघावं म्हणून. त्यातले सात इथेच वारले. मस्यूंनी मला संग्रहालयाआधी तिथे नेलं होतं. काही समजावून सांगितलं नाही. टोपी काढून उभे राहिले, मग म्हणाले, आता आत चला.

माल येतो कुठून, हा पुढचा धडा. दुकानदार आफ्रिकेत फिरून मूर्ती आणतो असं लोकांना वाटतं. तसं क्वचित घडतं. बराचसा माल पश्चिम आफ्रिकी व्यापाऱ्यांनीच आणला, हौसा, जुला, सोनिंके, पिढ्यान् पिढ्या व्यापार करणारी माणसं. गार द्यु मिदी स्टेशनजवळच्या स्वस्त हॉटेलात ते उतरायचे. खोलीत पलंगावर चादर, चादरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या मूर्ती, कोपऱ्यात पुदिन्याचा चहा. बामाकोहून येणारे एक गृहस्थ मला पंधरा वर्षं माल देत होते. मी त्यांना 'तोंतों' म्हणायची, म्हणजे काका, आणि ते मला 'तांती'. पहिल्या दिवशी किंमत बोलायची नाही. चहा, मुलांची चौकशी, मग पुन्हा चहा. एखादी वस्तू ते मुद्दाम वाईट आणायचे आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. मी ती बाजूला ठेवली की पिशवीतून पुढची निघायची. या माणसांशिवाय युरोपातलं एकही दुकान उभं राहिलं नसतं. पुस्तकांत मात्र नावं छापली जातात ती पॅरिस-न्यूयॉर्कच्या विक्रेत्यांची.

दुकान सुरू केलं ते नायजेरियातल्या योरुबांच्या इबेजींनी, म्हणजे जुळ्यांच्या छोट्या मूर्तींनी. नव्या विक्रेत्यानं तिथूनच सुरुवात करावी. संख्येनं भरपूर आहेत, आणि प्रत्येक मूर्ती काहीतरी शिकवते. योरुबांमध्ये जुळ्यांचं प्रमाण जगात फार जास्त. जुळ्यातलं एक मूल गेलं की वीतभर उंचीची मूर्ती कोरायची, तिच्यात त्याचा आत्मा. आई तिला न्हाऊ-माखू घालते, जेवू घालते, अंगाला लाल लाकडाची पूड चोळते, केसांना नीळ लावते. रोजच्या धुण्यानं नाक-डोळे पुसट होत जातात. म्हणजे इथे चेहरा नाहीसा होणं हीच खरेपणाची खूण. काहींच्या अंगावर कवड्यांच्या माळा असतात. कवडी बघून माझा हात थबकला होता. त्या कवड्या मालदीवच्या समुद्रातून शतकानुशतकं पश्चिम आफ्रिकेत जात होत्या. तुळजापूरच्या आराध्याच्या गळ्यातली माळ आणि ही माळ एकाच समुद्राची.

एका संध्याकाळी दुकानात एक नायजेरियन परिचारिका आली. ती स्वतः जुळ्यातली. तिनं एक इबेजी हातात घ्यायला मागितली, दोन्ही तळव्यांवर धरली आणि हळू आवाजात तिच्याशी बोलली. आधी जन्मतो तो तायवो, जग चाखून बघायला पुढे धाडलेला. मागून येते ती केहिंदे, आणि थोरली तीच मानतात, कारण पाठवलं तिनं. मग तिनं विचारलं, "हिची दुसरी कुठे आहे?" मी खरं सांगितलं. दोन्ही मूर्ती एकाच कारागिराच्या होत्या, जोडीच होती. एक वर्ष आधी एका गिऱ्हाइकाला एकच परवडत होती म्हणून मी जोडी फोडली होती. ती काही रागावली नाही. मूर्ती खाली ठेवताना तिनं तोंड दाराकडे केलं आणि गेली. ती दुसरी मूर्ती परत विकत घ्यायला मला तीन वर्षं लागली, मी विकली होती त्याच्या दुपटीनं. तेव्हापासून जोडी फोडत नाही.

पैशाबद्दलही बोलायला हवं. महिनेच्या महिने एकही विक्री होत नाही, भाडं थांबत नाही. पॅरिसमध्ये सेन नदीजवळच्या गल्ल्यांत सप्टेंबरात 'पार्कूर दे मोंद' भरतं, तिथल्या एका आठवड्यावर वर्षाचं गणित बसतं. संसार बरीच वर्षं नवऱ्याच्या पगारावर चालला. किंमत लाकडाची नसते, वयाचीही फारशी नसते. ती असते वाटेची. तीच इबेजी तोंतोंच्या पिशवीतून आली तर सहाशे युरो, १९३० च्या आसपासच्या नामांकित संग्रहातून, जुन्या छायाचित्रासह आली तर सहा हजार. २००६ च्या जूनमध्ये पॅरिसच्या द्रुओ लिलावघरात व्हेरिते कुटुंबाचा संग्रह निघाला. फांगांचा न्गिल मुखवटा, पांढऱ्या मातीनं माखलेला, लांब, हृदयाच्या आकाराचा चेहरा, ५९ लाख युरोंना गेला. लिलावाआधी तो बघायला मी गेले होते. काचेपुढे वीस मिनिटं उभी होते. मागून बघू दिला नाही, याची रुखरुख अजून आहे.

कॅमेरूनच्या बांग्वा राज्यातली नाचणाऱ्या राणीची मूर्ती घ्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका जर्मन एजंटानं ती तिथून नेली. मग बर्लिनचं संग्रहालय, मग व्यापारी, मग सौंदर्यप्रसाधनांच्या उद्योजिका हेलेना रुबिनस्टाइन. १९६६ च्या न्यूयॉर्कच्या लिलावात २९ हजार डॉलर, १९९० मध्ये ३४ लाख. प्रत्येक हाताचं नाव कागदावर आहे. पहिला हात सोडून. ज्या घरातून ती निघाली त्या घरानं ती दिली, विकली, की देणं भाग पडलं, हे त्या कागदावर लिहिलेलं नाही. आमच्या व्यवसायात 'वाट' म्हणतात ती युरोपच्या बंदरात सुरू होते.

हे मला उशिरा दिसलं, आणि दिसेपर्यंत माझ्या हातून एक गोष्ट घडून गेली होती.

२००४ मध्ये माझ्याकडे मालीतल्या जेन्ने भागातलं भाजलेल्या मातीचं एक डोकं आलं. मुठीएवढं, बाहेर आलेले डोळे, गालावर सापाच्या वळ्या. सोबत प्रयोगशाळेचा दाखला, माती शेकडो वर्षांपूर्वी भाजल्याचा. असे दाखले फसवेही असतात. जुने तुकडे जोडून नवी मूर्ती करतात आणि नमुना जुन्या तुकड्यातून घेतात. म्हणून मी पुन्हा तीन जागी तपासणी करून घेतली. खरं निघालं. मी आनंदानं विकलं. ते जमिनीतून कुणी, कधी खणलं, हे मी विचारलं नाही. मालीनं अशा वस्तू बाहेर नेण्यावर १९८५ पासूनच कायद्यानं बंदी घातली होती. अमेरिकेनं १९९३ मध्ये त्यांची आयात थांबवली होती. बेल्जियम अशा वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धच्या युनेस्कोच्या १९७० च्या करारात सामील झालं ते २००९ मध्ये, त्यामुळे २००४ मध्ये ब्रसेल्समध्ये मला अडवणारं कुणी नव्हतं. मला कायदा ठाऊक होता. अडवणारं कुणी नाही हेही ठाऊक होतं.

लाकडी मूर्तीचं वेगळं आहे. ती वापरासाठी केलेली, वापर संपला की अनेकदा टाकूनही देतात, आणि ती बाहेर पडण्याच्या वाटा अनेक. १९५० च्या सुमारास उत्तर आयव्हरी कोस्टमधल्या सेनुफो गावांत 'मासा' नावाचा नवा पंथ पसरला. त्यात गेलेल्यांनी जुन्या मूर्ती झाडीत टाकल्या. मिशनऱ्यांनी त्यातल्या काही उचलून आणल्या, आज त्यातल्या काही मोठमोठ्या संग्रहांत आहेत. उलट कॅमेरूनच्या कोम राज्याची आफो-आ-कोम ही पवित्र मूर्ती १९६६ मध्ये सरळ चोरीला गेली, १९७३ मध्ये अमेरिकेत सापडली आणि सन्मानानं परत गेली. पण जमिनीतून खणलेल्या मातीच्या डोक्याला अशा वाटा नसतात. खड्डा खणला की त्या जागेचा इतिहास गेला, मग डोकं कुठेही ठेवा. पुढे तोंतोंनी एकदा असंच एक डोकं आणलं. मी हात लावला नाही. ते म्हणाले, तांती, तू नाही घेतलंस तर पुढच्या गल्लीत घेतील. घेतलंही. त्यानंतर चहा झाला, पण पूर्वीसारखी पिशवी कधी उघडली गेली नाही. त्यांच्या घरी सात मुलं शिकत होती, हे मला माहीत होतं.

२०१३ मध्ये मी आयव्हरी कोस्टमधल्या कोरोगोला गेले. आबीजानहून उत्तरेला सहाशेहून जास्त किलोमीटर, बसनं. तिथल्या कोको वस्तीत सेनुफोंची कुलेबेले नावाची कोरीवकाम करणारी घराणी राहतात. अंगणात भुसा, ओले ओंडके, आणि वाकसाचा आवाज. माझ्या घशात हुंदका आला. मी हत्यार बघायला मागितलं. ज्यांचं होतं त्यांनी आधी वडीलधाऱ्यांकडे पाहिलं, मग दिलं. आपल्या वाकसाला लोखंडाचा डोळा असतो, त्यात दांडा बसतो. तिथे उलट. दांड्याच्या जाड गाठीतून पात्याचं शेपूट आरपार घुसवलेलं, प्रत्येक घावासरशी ते आणखी घट्ट बसतं. मी म्हटलं, माझे वडील हेच करायचे. मग मला बसायला पाट मिळाला.

त्या गृहस्थांनी दोन क्पेलिए मुखवटे दाखवले, एकाच आठवड्यात केलेले. एक गावातल्या पोरो या दीक्षा देणाऱ्या संस्थेच्या कार्यासाठी, दुसरा दुकानासाठी. दुकानातला धुरात धरून, मातीत पुरून जुना दिसेल असा करणार होते. त्यांनी ते लपवलं नाही. मी आमचा नियम सांगितला. आपल्याच लोकांसाठी केलेलं आणि वापरलेलं असेल तर खरं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तुम्ही दुसऱ्याला खोटा म्हणता. मग माझे हात अर्धे खोटे का?" मला उत्तर आलं नाही. मी त्यांना विनंती केली की एक न पुरता, न धुरवता द्या, त्यावर तुमचं नाव आणि यंदाचं साल घाला. तो मी ब्रसेल्सला 'नवा, २०१३' अशी पाटी लावून विकला. किंमत कमी आली. पण आज त्या घराण्याची पाच-सहा कामं मी दर वर्षी विकते, नावासकट, आणि गिऱ्हाइकं वाट बघतात.

त्यानंतरच्या दहा वर्षांत सगळा बाजारच बदलला. नोव्हेंबर २०१७ मध्ये फ्रान्सच्या अध्यक्षांनी बुर्किना फासोच्या राजधानीत, वागाडुगूला, आफ्रिकेतून नेलेल्या वस्तू परत करण्याबद्दल भाषण केलं, पुढच्या वर्षी सेनेगलचे फेल्विन सार आणि फ्रान्सच्या बेनेदिक्त साव्हॉय यांचा त्याच विषयावरचा अहवाल आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये आबोमेच्या राजवाड्यातल्या २६ वस्तू बेनिन देशाला परत गेल्या. मार्च २०२२ मध्ये मोंपेलिएच्या लिलावात आणखी एक न्गिल मुखवटा ४२ लाख युरोंना गेला, तेव्हा दालनात गॅबनची माणसं उभी राहून तो परत मागत होती. आमच्यातले काहीजण म्हणतात की आता धंदा संपला. मला तसं वाटत नाही. जून २०२५ पासून युरोपच्या आयातीचे नवे नियम लागू झाले. २५० वर्षांहून जुन्या, खणून काढलेल्या वस्तूला परवाना लागतो, आणि मूळ देशातून ती कायदेशीर बाहेर पडली हे दाखवावं लागतं. हे २००४ मध्ये असतं तर बरं झालं असतं, एवढंच मी म्हणेन.

माझ्या वहीत आता प्रत्येक वस्तूला दोन पानं असतात. डाव्या पानावर लाकूड, झीज, राप, हत्यार. उजव्या पानावर वाट, शक्य तितकी मागे. जिथे धागा तुटतो तिथे तशी नोंद करते आणि गिऱ्हाइकाला ते पान दाखवते. काहीजण न घेता जातात.

ते डोकं ज्यांना विकलं होतं ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वी वारले. मी हयातीत त्यांना ते परत विकत द्या म्हणून तीनदा विचारलं होतं, त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं होतं. मागच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी दुकानात आली. हातात बुटांचा खोका, आत जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं डोकं. तिला माझी पत्रं सापडली होती. ती म्हणाली, विकायचं नाही, काय करायचं ते सांगा. आम्ही दोघींनी मिळून मालीच्या अधिकाऱ्यांना पत्र लिहिलं. मी माझ्या २००४ च्या वहीचं पान जोडलं, किंमतीसकट आणि माझ्या सहीसकट. पत्रव्यवहार चालू आहे. तोवर डोकं दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. खोका बदलून मी त्याला साधी बैठक केली आहे, लाकडाची, खाली मऊ लोकर लावलेली. सळई बसवली नाही. प्रवासात निघेल तेव्हा काढायला सोपी जावी म्हणून.